हिवाळा २०१५ : ड्राइव्हवेवरील हिम हटवण्याच्या कामाच्या नोंदी

२६ जानेवारी २०१५, सोमवार. श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स.

आज रात्रीपासून मोठे हिमवादळ येत आहे. गव्हर्नर चार्ली बेकर यांनी मध्यरात्रीपासून राज्यभर वाहनबंदी जाहीर केली आहे, शाळा बंद राहणार आहेत आणि आमच्या कार्यालयाने घरूनच काम करण्यास सांगितले आहे. उद्याचे खरे काम मात्र घराबाहेर आहे. म्हणून या हिवाळ्यात त्याची रीतसर नोंद ठेवण्याचे ठरवले.

नोंद ठेवण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेत येण्यापूर्वी काही वर्षे मी सांगली जिल्ह्यात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या कालव्यांवर कनिष्ठ अभियंता म्हणून काम केले. तिथे मातीकामाचे प्रत्येक माप त्याच दिवशी मोजमाप पुस्तिकेत चढवावे लागे, आणि दर काढताना नुसती खोदाई धरत नसत, तर माती किती लांब नेली तो ‘लीड’ आणि किती उंच चढवली ती ‘लिफ्ट’ही धरत. मूळ दरात पन्नास मीटरपर्यंतचा लीड आणि दीड मीटरपर्यंतची लिफ्ट येते, त्यापुढे जादा दर द्यावा लागतो. हिम हटवणे हेही शेवटी मातीकामच आहे, असे मला इथल्या पहिल्या हिवाळ्यापासून वाटत आले आहे.

भाषेपुरते एक ठरवून टाकतो. आकाशातून पडते ते या नोंदींत ‘हिम’ आणि जमिनीवर, छपरावर वा पन्हाळीत गोठून घट्ट होतो तो ‘बर्फ’. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर पुढे कोणत्या हत्याराने काय केले हे कळणार नाही.

तयारी: ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची मोटारीची वाट, १५ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ८२ चौरस मीटर. दोन्ही कडांना दर दोन मीटरवर नारिंगी काठ्या रोवल्या, कारण हिमाखाली कड कुठे संपते आणि हिरवळ कुठे सुरू होते हे अजिबात दिसत नाही. मागील अंगणात, घर आणि झाडे यांपासून दूर, हिमाच्या मोजणीची फळी ठेवली. दोन्ही मोटारी ड्राइव्हवेच्या घराकडील टोकाला एकामागे एक लावल्या. स्नोब्लोअरमध्ये, म्हणजे हिम खेचून दूर फेकणाऱ्या यंत्रात, ताजे पेट्रोल भरले, त्याच्या शिअर पिनांची पुडी कोटाच्या खिशात ठेवली आणि एक फावडे दाराच्या आत आणून ठेवले. बाहेर राहिलेले फावडे शोधण्यासाठी दुसरे फावडे लागते.

२७ जानेवारी, मंगळवार.

पहाटे साडेपाचला दार उघडले तेव्हा वारा ईशान्येकडून होता आणि समोरच्या घराचा दिवाही दिसत नव्हता. या किनाऱ्यावर अशा वादळाला ‘नॉरईस्टर’ म्हणतात. कमी दाबाचे क्षेत्र समुद्रावरून किनाऱ्याला समांतर वर सरकते आणि समुद्रावरील ओलावा ईशान्येच्या वाऱ्याबरोबर जमिनीवरच्या थंड हवेत येऊन पडत राहतो. आमचा भाग बॉस्टनपेक्षा उंचावर आणि अधिक थंड असल्यामुळे इथे तो ओलावा पावसात न बदलता हिम म्हणूनच उतरतो.

सर्वांत आधी ड्राइव्हवे नव्हे, तर घराची उत्तरेकडील भिंत गाठली. तिथे हीटिंगच्या भट्टीच्या दोन पांढऱ्या प्लास्टिक नळ्या जमिनीपासून दोन फुटांवर बाहेर आल्या आहेत, एक हवा आत घेणारी आणि दुसरी धूर बाहेर सोडणारी. वाऱ्याने त्या भिंतीशी साचवलेले हिम धुराच्या नळीच्या तोंडापासून चार बोटे खाली पोहोचले होते. आतून येणाऱ्या कोमट वाफेने तोंडाभोवती वाटीएवढी पोकळी राखली होती आणि तिच्या कडेला पारदर्शक बर्फाची झालर जमली होती. ती झालर हाताने मोडली आणि दोन्ही नळ्यांसमोर एक मीटर जागा मोकळी केली. नळी बुजली की भट्टी बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्या वायूला वास नसतो. २००५ साली याच राज्यात प्लिमथ येथे हिमाने व्हेंट, म्हणजे अशीच धुराची नळी, बुजून सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्यानंतर घरोघरी या वायूचा सूचक बसवणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि तो कायदा आजही तिच्याच नावाने, ‘निकोल्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. आज दिवसभरात त्या भिंतीकडे मी पाच वेळा गेलो.

ड्राइव्हवेचे काम तीन फेऱ्यांत केले: सकाळी सहा, दुपारी एक आणि रात्री साडेआठ. वादळ थांबेपर्यंत वाट पाहावी की अधूनमधून साफ करत राहावे, यावर इथे दोन मते आहेत. पण आमच्या स्नोब्लोअरचे तोंड वीस इंच उंच आहे आणि अंदाज तीस इंचांच्या वरचा होता. पूर्ण थर पडू दिला असता, तर यंत्र त्यात नाक खुपसून बंद पडले असते आणि मला आधी फावड्याने वरचा थर उतरवावा लागला असता.

रात्री नऊला फळीवरील एकूण माप ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर भरले. जवळच्या वूस्टर शहरात या वादळाची अधिकृत नोंद ३४.५ इंच आहे आणि तो तिथला विक्रम ठरला. हिम इतके कोरडे होते, की मुठीत दाबून गोळा होत नव्हता. मोजपट्टी खुपसून बाहेर काढली, की उरलेल्या छिद्रात निळसर उजेड दिसे. मुलाने ते पाहिले आणि विचारले, “बाबा, आत दिवा आहे का?” प्रकाश हिमातून खोल जाताना त्याचा तांबडा भाग शोषला जातो आणि निळा उरतो, हे त्याला तिथेच उभे राहून सांगितले.

वजन काढण्यासाठी सरळ कडांच्या डब्याने पूर्ण जाडीचा स्तंभ कापून घरात वितळवला. पाण्याची उंची ६२ मिलिमीटर आली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलो, या हिशोबाने ड्राइव्हवेवर आज पाच टनांहून अधिक भार पडला होता. फावड्यात एका वेळी पाच किलो हिम येते असे धरले, तर सगळे हातानेच उचलायला हजार खेपा झाल्या असत्या.

२८ जानेवारी, बुधवार.

रात्रभर प्लाऊ (रस्त्यावरील हिम पात्याने बाजूला सारणारा ट्रक) फिरत होता. त्याचे पाते डांबरावर घासल्याचा आवाज झोपेतही ओळखू येतो. सकाळी ड्राइव्हवेच्या तोंडाशी सव्वा मीटर उंचीचा बांध उभा होता. हे हिम कालचे राहिलेले नाही. पात्याने दाबलेले, मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेले आणि कलिंगडाएवढ्या गठ्ठ्यांचे ते असते. अशा बांधात यंत्र घातले, की शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते, म्हणजे गिअरपेटी वाचते, पण दोन पिना गेल्यावर मी यंत्र बाजूला ठेवले आणि बांध पोलादी धारेच्या फावड्याने वरून खाली कापत गेलो.

पलीकडचे आजोबा (मुलाने त्यांना दिलेले हे नाव आता आम्ही सगळेच वापरतो) खिडकीतून हे पाहत होते. ते साठ वर्षे याच रस्त्यावर राहतात. बाहेर येऊन त्यांनी एक गोष्ट दाखवली, ती मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, की आपल्या बाजूचा प्लाऊ डावीकडून येतो. तेव्हा ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला रस्त्याच्या कडेने चार-पाच मीटरचा खण मोकळा करून ठेवायचा. पात्यावर साचलेले हिम त्या खणात उतरते आणि आपल्या तोंडाशी येईतो पाते बरेच रिकामे झालेले असते. आपण काढलेले हिम मात्र उजवीकडेच टाकायचे, नाहीतर पुढच्या फेरीत तेच परत आपल्या दारात येते.

त्यांचा पायमार्ग आणि पायऱ्या मी व मुलाने करून दिल्या. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने फावडे हातात धरू नये, हे माझे ठाम मत आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, काम हातांचे आणि खांद्यांचे असते आणि उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. या तिन्हींचा ताण एकाच वेळी हृदयावर येतो. मी स्वतःही चाळिशीच्या पुढे असल्यामुळे वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे विश्रांती हा नियम घड्याळ लावून पाळतो आहे.

कोपऱ्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचा पाण्याचा नळ, तीन कुटुंबांनी मिळून मोकळा केला.

३० जानेवारी, शुक्रवार.

एकूण श्रम मोजले: मी साडेसात तास, मुलगा दोन, पत्नी तीन. डांबर पूर्ण दिसते आहे. काम समाधानकारक झाले, असे आज लिहावेसे वाटते.

२ फेब्रुवारी, सोमवार.

दुसरे वादळ आले. फळीवर १४ इंच. गेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी, तरीही आज जवळजवळ तितकाच वेळ लागला, आणि त्याचे कारण दुपारी काम थांबवून पाहिल्यावर लक्षात आले.

२७ तारखेला मी दमणूक वाचवण्यासाठी सगळे हिम जवळच्या कडेला टाकले होते. डावीकडे शेजारच्या कुंपणापर्यंत जेमतेम सव्वा मीटरची पट्टी आहे आणि उजवीकडे समोरची हिरवळ. दोन्हीकडे अगदी काठीला लागून ढीग घातले. त्या दिवशी लीड एक मीटर होता आणि लिफ्ट जवळपास शून्य. आज तेच ढीग छातीपर्यंत आले आहेत. डावीकडचा ढीग मोजला तर एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर भरला, म्हणजे मूळ दरातील लिफ्टची मर्यादा ओलांडून वर गेलेला. प्रत्येक फावडे खांद्यावरून वर फेकावे लागते आणि त्यातील तिसरा हिस्सा उतारावरून घरंगळत परत पायाशी येतो. स्नोब्लोअरची तोटी पूर्ण वर केली, तरी वाऱ्याने फवारा उलटा येतो.

कालव्यावर आमच्याकडे कवठेमहांकाळ भागातील एक मुकादम होते. टोळी कामाला लावण्यापूर्वी ते आधी रिकाम्या जागेत फिरून येत आणि चुन्याने रेघ मारत. “सायेब, माती कुठं पडायची त्ये आधी बघा, खणायचं काय, कुनीबी खणतंय,” असे ते म्हणत. खोदाईच्या काठावर माती टाकू न देण्याबद्दल मी स्वतः कित्येक मजुरांना परत पाठवले होते. तोच नियम इथे पाळायला हवा होता.

एक फरक मात्र माझ्या हिशोबात आला नव्हता. माती खणली की फुगते, म्हणून खड्ड्यापेक्षा ढीग मोठा होतो. हिमाचे उलट आहे. ७१ घनमीटर भुसभुशीत हिम फेकल्यावर आणि बसल्यावर सुमारे १७ घनमीटर झाले, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही थोडे कमी. त्यामुळे पहिल्या दिवशी जागा भरपूर आहे असे वाटते. पण ते बसलेले हिम पुढचे दोन महिने तिथून हलत नाही आणि दर आठवड्याला त्यावर नवा थर येतो. ही गोष्ट मनावर घेतली असती, तर पहिल्याच दिवशी दहा मीटर लांब फेकले असते. तेव्हा हिम हलके होते, यंत्राला ते सहज जमले असते.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

आज एकही कण पडलेला नसताना दोन तास काम केले. उजवीकडच्या ढिगाला मागच्या बाजूने पायऱ्या कापल्या, वरचा अर्धा मीटर थर प्लास्टिकच्या घसरगाडीत भरला आणि हिरवळीच्या आतल्या टोकाला ओढत नेला. ही मुलाची सांताक्लॉजकडून आलेली गाडी आहे आणि ती देताना त्याने अट घातली, की शेवटच्या ढिगावरून त्याला घसरू द्यायचे. अट मान्य केली. चाळीस खेपा झाल्या. बसलेले हिम इतके जड झाले आहे, की एका फावड्यात आता बारा किलोपर्यंत येते. आठ दिवसांपूर्वी यातच पाच येत होते.

रस्त्यावर टाकण्याचा मार्ग नाही. गावाच्या नियमाने ते निषिद्ध आहे आणि चुकीचेही आहे. शिवाय २०१० सालच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, नैसर्गिकरीत्या साचलेल्या हिमावरून कोणी घसरले तरी जागेच्या मालकाला हात झटकता येत नाहीत. वाजवी काळजी घेतली होती का, हे पाहिले जाते. पायमार्ग त्यामुळे मी ड्राइव्हवेच्याही आधी करतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

तिसरे वादळ शनिवारपासून आज पहाटेपर्यंत रेंगाळले. रोज थोडे थोडे, एकूण १७ इंच. बॉस्टनची भुयारी आणि उपनगरी रेल्वे आज पूर्ण बंद आहे. शहरालाही हिम टाकायला जागा उरलेली नाही. ट्रकांनी ते मोकळ्या मैदानांवर नेऊन डोंगर रचले जात आहेत आणि ते वितळवणारी मोठी यंत्रे चालवली जात आहेत. आमच्या सव्वा मीटर पट्टीचाच प्रश्न तिथे शहराएवढा झाला आहे.

घसरगाडीने केलेल्या जागेत आजचे सर्व हिम मावले. वेळ: तीन तास दहा मिनिटे.

आता छप्पर. उत्तरेच्या उतारावर बसलेले हिम ६० सेंटिमीटर आहे. डब्याने कापून तोलले तेव्हा चौरस मीटरला सुमारे १२० किलो भार आला. छपरावर चढण्याचा विचारही केला नाही. रूफ रेक, म्हणजे लांब दांड्याचे ॲल्युमिनियमचे रुंद फाळ, कोणत्याही दुकानात शिल्लक नाही, म्हणून आजोबांचे आणले. जमिनीवर उभे राहून, विजेच्या तारेपासून दूर, कडेपासून वर सव्वा मीटरपर्यंतचा पट्टा ओढून काढला. हे हिम कोसळते थेट भिंतीशी, म्हणजे पुन्हा त्या दोन नळ्यांसमोर. तेव्हा छपराचे काम झाले, की लगेच व्हेंट तपासायचे, हा क्रम पक्का केला.

१५ फेब्रुवारी, रविवार.

चौथे वादळ, ११ इंच, आणि तापमान उणे १५ सेल्सिअस. नेहमीचे मीठ उणे नऊच्या आसपासच निकामी होते, म्हणून पायऱ्यांवर कॅल्शियम क्लोराइड वापरले. ते उणे पंचवीसच्याही खाली काम करते, पण महाग आहे आणि काँक्रीटला बाधते. मूठभरच टाकावे.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या चौकटीतून काल रात्री पाणी ठिबकले. पत्नी पोळ्या लाटत असताना पिठावर थेंब पडला, तेव्हा कळले. बाहेर उणे पंधरा आणि आत पाणी कसे, याचे उत्तर पोटमाळ्यात मिळाले. खिडकीच्या वरच्या भागात इन्शुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, खाली बसले आहे आणि घराची ऊब तिथून छपराला पोहोचते. वरचे हिम तळाकडून वितळते, पाणी उतारावरून छपराच्या ओरीपर्यंत, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या कडेपर्यंत, येते आणि ओरीखाली घर नसल्यामुळे तिथे गोठते. असा बर्फाचा बंधारा वाढत जातो, त्यामागे पाणी तुंबते आणि शिंगल्सच्या, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्यांच्या, खालून आत शिरते. शिंगल्स वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, साचलेल्या पाण्यासाठी नव्हेत. बंधारा कुऱ्हाडीने फोडणारी माणसे आजूबाजूला दिसतात, पण त्यात शिंगल्सच फुटतात. पत्नीच्या जुन्या पायमोज्यांत कॅल्शियम क्लोराइड भरले आणि ते ओरीला काटकोनात, टोक पन्हाळीबाहेर येईल असे, रेकच्या दांड्याने ठेवले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोज्याखाली बोटभर रुंदीची चर पडली आणि पाणी बाहेर वाहू लागले. हा तात्पुरता उपाय आहे. खरे काम पोटमाळ्यातले आहे, ते उन्हाळ्यात करायचे.

आईचा सांगलीहून फोन आला होता. तिकडे दुपारी ऊन लागू लागले आहे. “कंबर सांभाळ रे बाबा, आणि उपाशीपोटी बाहेर जाऊ नकोस,” एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

१५ मार्च, रविवार.

बॉस्टनने आज १९९५-९६ चा १०७.६ इंचांचा विक्रम मोडला. आमच्याकडे दुसरेच काम निघाले आहे. दिवसा वितळ सुरू झाली आहे आणि तळघराच्या उत्तर कोपऱ्यात ओल आली. छपरावरून ओढलेले हिम भिंतीशीच राहिले होते, त्याचे पाणी सरळ पायाकडे उतरते. भिंतीपासून दीड मीटर हिम मागे सारले आणि पाण्याला उताराकडे जायला चर काढली. कालव्याच्या कामात याला ‘कॅच ड्रेन’ म्हणत असत. साडेतीन तास गेले. हिम टाकताना नुसती जागा पाहून भागत नाही, ते वितळल्यावर पाणी कुठे जाईल हेही पाहिले पाहिजे.

२१ मार्च, शनिवार. गुढीपाडवा.

दाराच्या उजव्या हाताला गुढी उभारायची जागा असते, तिथे अजून कमरेएवढा ढीग होता. सकाळी आम्ही तिघांनी एक मीटर चौकोन जमिनीपर्यंत कापून काढला. खाली गेल्या वर्षीचे पिवळे गवत दबून चटईसारखे झालेले दिसले. काठी कठड्याला बांधली, साखरेची गाठी घातली. कडुलिंबाचा पाला मिळाला नाही.

१२ एप्रिल, रविवार.

हिरवळीवरचा शेवटचा ढीग गेला. ढीग जिथे होते तिथे वाळू, मीठ आणि डांबराचे तुकडे राहिले आहेत, ते झाडून काढले. त्या रेषेवरूनच नकाशा काढला: पहिल्या वादळाचे हिम हिरवळीच्या आतल्या टोकाला, दुसऱ्याचे त्याच्या अलीकडे, आणि ड्राइव्हवेची कड शेवटच्या वादळासाठी राखीव. डावीकडच्या पट्टीत काहीही टाकायचे नाही. एकूण श्रम तिघांचे मिळून ४१ तास, त्यांपैकी नऊ तास निव्वळ आधी टाकलेले हिम पुन्हा हलवण्यात गेले.

१८ जुलै, शनिवार.

पोटमाळ्याचे इन्शुलेशन गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. बॉस्टनच्या सीपोर्ट भागात रचलेला हिमाचा डोंगर, जो एके काळी ७५ फूट उंच होता, मंगळवारी १४ तारखेला पूर्ण वितळल्याचे शहराने जाहीर केले.

आज मागील अंगणाच्या कुंपणाचे दोन गाळे काढून तिथे सरकते फाटक बसवले. आता ड्राइव्हवेच्या घराकडील टोकापासून मागच्या उतारापर्यंत सरळ वाट झाली आहे: रुंदी २.४ मीटर, पलीकडे मोकळी जागा ९ मीटर बाय ६ मीटर, पाण्याचा उतार घरापासून दूर. स्नोब्लोअर बाहेर काढून वाटेतून नेऊन पाहिला. दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून तो फाटकातून निघतो.